मच्छरदाणीचं कापड आणि हर्निया

जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन ठरलं, जाळीच्या किमतीचा विषय निघाला, की नातेवाइकांपैकी कुणीतरी हळूच विचारतं, "डॉक्टर, गरिबांच्या पोटात मच्छरदाणीचं कापड घालतात म्हणे. खरं का?"

घातलंय. आणि सुरुवात आपल्याच धुळे जिल्ह्यात, दोंडाईच्यात झाली.

हर्निया म्हणजे पोटाच्या भिंतीला भगदाड पडून आतडं वगैरे बाहेर डोकावणं. पूर्वी त्या भगदाडाच्या कडा ओढून शिवायचे. ताण यायचा, शिवण ढिली व्हायची, हर्निया पुन्हा डोकं काढायचा. जाळी लावली तर ओढाताण राहत नाही. तिच्या छिद्रांतून शरीराचेच तंतू वाढतात आणि जागा पक्की होते. पण तेव्हा कंपनीची जाळी शेतमजुराला परवडणं शक्यच नव्हतं. दोंडाईच्याचे सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी बघितलं, की मच्छरदाणीच्या एका कापडाचा धागाही कंपनीच्या जाळीशी मिळत्याजुळत्या प्लास्टिकचा, पॉलिथिलीन-पॉलिप्रोपिलीनचा आहे. त्याचे तुकडे ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेत, निर्जंतुक करून त्यांनी वापरले, इतर सर्जननीही वापरले आणि २००३ साली 'इंडियन जर्नल ऑफ सर्जरी'त निष्कर्ष छापून आले.

याला 'जुगाड' म्हणून टाळ्या वाजवणारे मला संशय घेणाऱ्यांइतकेच खटकतात. जुगाडाची कुणी चाचणी घेत नाही. याची घेतली गेली. पूर्व युगांडात हर्नियाच्या ३०२ पुरुषांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला मच्छरदाणीची जाळी, दुसऱ्याला शंभर डॉलरहून महाग अशी कंपनीची. आपल्याला कोणती बसवली हे पेशंटला माहीत नव्हतं. वर्षानंतर स्वस्त जाळीच्या गटात एकाचा हर्निया पुन्हा उद्भवला, दुसऱ्या गटात कुणाचाच नाही. एवढ्या फरकावरून एक जाळी दुसरीपेक्षा वाईट ठरत नाही. २०१६ साली हे 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलं. (म्हणून दुकानातली डासनाशक लावलेली मच्छरदाणी कापून आणू नका. धागा कोणता, वीण कशी, उष्णता किती सोसते, हे सगळं आधी तपासावं लागतं.)

आता आपल्याकडे देशी बनावटीच्या जाळ्या बऱ्याच स्वस्त झाल्यात. मी त्याच वापरतो, तेव्हा तुमच्या पेशंटपुरती काळजी सोडा.

मला काळजी वाटते ती जाळीपर्यंत न पोचणाऱ्यांची. जगात ५ अब्ज लोकांना वेळेवर, सुरक्षित आणि परवडेल अशी शस्त्रक्रिया मिळत नाही, असं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१५ साली मांडलं. त्यांतले काही माझ्या तालुक्यातही राहतात. पट्टा आवळून वर्षानुवर्षं ओझी उचलतात, "हंगाम आटपू द्या" म्हणतात. मग एखाद्या रात्री आतडं अडकतं, उलट्या सुरू होतात, जीप शोधण्यात तास जातात. तोवर आतडं काळं पडलं असेल तर तेवढा भाग कापावा लागतो, आणि अशा दूषित जागी आम्ही सहसा जाळी घालतच नाही. स्वस्तातली नाही, महागातलीही नाही.