शटर उघडे असताना काय घडते

छायाचित्रण शिकणारे विद्यार्थी भेटले की एक प्रश्न हमखास येतो, आणि अलीकडे तो त्यांच्या पालकांकडूनही येऊ लागला आहे. पॅनिंग (हलत्या विषयाबरोबर कॅमेरा वळवणे), लाँग एक्स्पोजर (बराच वेळ प्रकाश आत घेणे), लाइट पेंटिंग (अंधारात दिव्याने रेखाटणे), मल्टिपल एक्स्पोजर (एकाच चौकटीत अनेक चित्रे) अशी कितीतरी तंत्रे रोज व्हिडिओंतून दिसतात. त्यांपैकी आधी कोणते शिकावे, त्यासाठी कोर्स लावावा का आणि कॅमेरा कोणता घ्यावा? त्याचे उत्तर जरा सविस्तर लिहिते.

माझे मत असे आहे की सुरुवातीचे काही महिने विद्यार्थ्याने केवळ शटरचा, म्हणजे कॅमेऱ्यात ठरावीक वेळ प्रकाश सोडणाऱ्या पडद्याचा, अभ्यास करावा. वर दिलेली नावे वेगवेगळी असली तरी त्यांतल्या बहुतेकांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: शटर किती वेळ उघडे राहिले आणि तेवढ्या वेळात कॅमेरा, विषय किंवा प्रकाश यांपैकी काय हलले. हे ज्याला उमगले त्याला पुढची तंत्रे पाठ करावी लागत नाहीत, कारण ती त्याची त्यालाच सुचू लागतात. उलट, दर आठवड्याला नवा परिणाम साधून पाहणाऱ्या विद्यार्थ्याकडे चमकदार चित्रे जमतात, पण त्यांतले एखादे का जमले हे त्याला सांगता येत नाही, आणि म्हणून ते पुन्हा जमवताही येत नाही.

प्रारंभ पॅनिंगपासून करावा, आणि मुंबईत त्यासाठी बेस्टच्या बससारखा विषय शोधून सापडणार नाही. ती लाल आहे, लांबलचक आहे, थांब्याच्या आसपास तिचा वेग बेताचा असतो आणि एक हातची गेली तरी मागून दुसरी येतेच. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी बस एका सेकंदात सुमारे सव्वाआठ मीटर पुढे सरकते. शटर १/५०० सेकंदावर ठेवले तर तेवढ्या अवधीत ती जेमतेम पावणेदोन सेंटीमीटर हलते, आणि चित्रात ती उभीच आहे असे वाटते. तेच शटर १/३० वर आणले तर ती सुमारे २८ सेंटीमीटर सरकते. कॅमेरा स्थिर असेल तर एवढ्या सरकेने बसच्या कडा आणि अक्षरे पुसटून जातात. परंतु कॅमेरा तिच्याच गतीने वळत राहिला तर बस स्पष्ट उमटते आणि मागची दुकाने, झाडे व माणसे यांच्या आडव्या रेघा होतात.

कृती सोपी वाटते, पण ती अंगात मुरावी लागते. फूटपाथवर, वाहतुकीपासून सुरक्षित अंतरावर उभे राहावे. बस जिथे नेमकी समोर येणार त्या दिशेला पाय रोवावेत, कोपरे बरगड्यांना टेकवावीत, बस दूर असतानाच तिला चौकटीत धरावे आणि कमरेतून वळत तिच्याबरोबर जावे. शटर दाबल्यानंतर थांबू नये. वळणे तसेच चालू ठेवावे, कारण दाबण्याच्या क्षणी हात अडखळला की तो अडखळाही चित्रात उतरतो. भर दुपारी १/३० वर चित्र पांढरे पडते, म्हणून सकाळची पहिली वेळ किंवा पावसाळ्यातले ढगाळ आकाश निवडावे.

चित्र मनासारखे आले की ते स्क्रीनवर मोठे करून शांतपणे पाहावे. मधल्या एका खिडकीची चौकट, तिच्या काचेला टेकलेले कुणाचे तरी डोके आणि बाजूच्या पत्र्यावरची अक्षरे लख्ख दिसतात, पण त्याच बसचे पुढचे आणि मागचे टोक मात्र किंचित पुसटलेले असते. हा दोष लेन्सचा नव्हे. तुम्ही एका जागी उभे राहून वळत असता आणि बस सरळ रेषेत जात असते. त्यामुळे तिच्या प्रत्येक भागाचा तुमच्या नजरेसमोरचा वेग वेगळा असतो आणि कॅमेरा एका वेळी त्यांतल्या एकाच वेगाशी जुळतो. ही बारीक गोष्ट ज्या विद्यार्थ्याने स्वतः शोधून काढली, त्याला त्यानंतर चालकाचा चेहरा स्पष्ट हवा की दारात उभ्या प्रवाशाचा, हे आधी ठरवता येते. सर्जनशीलता म्हणतात ती मला या आधी ठरवण्यात दिसते. म्हणूनच विद्यार्थ्यांनी एक वही ठेवावी असा माझा आग्रह असतो. शटर, छिद्र (लेन्समधले प्रकाश आत येण्याचे भोक) आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) यांचे आकडे कॅमेरा स्वतःच जपून ठेवतो, परंतु त्या वेळी काय हवे होते हे त्याला ठाऊक नसते. ते आपणच लिहावे लागते.

बस हाताला बसली की कॅमेरा स्थिर ठेवून बाकीचे जग हलू द्यावे. यासाठी मरीन ड्राइव्हवर सूर्यास्तानंतर जावे, पण उशीर करू नये. मुंबई विषुववृत्तापासून १९ अंशांवर असल्यामुळे सूर्य क्षितिजाखाली बराच उभा उतरतो आणि संधिप्रकाश लवकर सरतो. आकाशाचा निळा रंग आणि रस्त्यावरचे दिवे एकमेकांना तोलून धरतात असा काळ आपल्याकडे फार तर वीस-पंचवीस मिनिटांचा असतो. ट्रायपॉड त्याआधीच लावून ठेवावा. आयएसओ १००, छिद्र एफ ११ आणि शटर १५ सेकंद येथून सुरुवात करावी, आणि बटणाच्या धक्क्याने कॅमेरा हलू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावावा. गाड्यांच्या दिव्यांच्या वळणदार रेघा होतात आणि लहान छिद्रामुळे प्रत्येक दिव्याला किरण फुटतात. आता टेट्रापॉडवर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या काँक्रीटच्या चारपायी ठोकळ्यांवर, आपटणाऱ्या पाण्याकडे वळावे. १५ सेकंदांत तेथे धुके पसरल्यासारखे दिसते, तर १/४ सेकंदात परतणाऱ्या पाण्याच्या शिरा ठोकळ्यांमधून ओघळताना दिसतात. मला स्वतःला दुसरे चित्र अधिक आवडते, कारण त्यात समुद्राचा जोर शिल्लक राहतो. भरतीच्या वेळी किंवा पावसाळ्यात मात्र कठड्यावर चढू नये. दिवसा असेच करायचे असेल तर दहा स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायची गडद काच, लागतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा होणे). तो प्रकाश सुमारे हजार पटींनी कमी करतो, त्यामुळे १/६० सेकंदाचे एक्स्पोजर साधारण १७ सेकंदांचे होते.

लाइट पेंटिंगसाठी तर घराबाहेरही पडायला नको. १९४९ साली जॉन मिली या छायाचित्रकाराने पिकासोच्या हाती छोटा दिवा देऊन अंधारात रेखाटने काढून घेतली होती. त्यामागचे तत्त्व मुंबईतल्या एका खोलीच्या घरात, सगळे झोपल्यावर, टॉर्च आणि ३० सेकंदांचे शटर यांच्या साहाय्याने कुणालाही तपासून पाहता येते.

यापुढचा अभ्यास म्हणून मी गणेश विसर्जनाची मिरवणूक सुचवते, कारण तिथे संथ शटर आणि फ्लॅश हे दोन्ही एकत्र येतात. शटर १/८ सेकंदावर असते. त्या अवधीत लेझीम आणि गुलाल यांची हालचाल दिव्यांच्या उजेडात पसरत जाते, आणि फ्लॅश सेकंदाच्या अत्यल्प भागापुरता चमकून नाचणाऱ्याला जागच्या जागी गोठवतो. प्रश्न असतो तो फ्लॅशने केव्हा चमकावे याचा. शटर उघडताच तो चमकला तर हालचालीची रेघ माणसाच्या पुढे पडते आणि तो उलटा जात असल्यासारखे भासते. कॅमेऱ्यात ‘रिअर कर्टन’ निवडले की फ्लॅश शटर मिटण्याच्या किंचित आधी चमकतो, रेघ मागे राहते आणि उडीला दिशा मिळते. ढोल वाजवणाऱ्याच्या डोळ्यांवर अगदी जवळून फ्लॅश मारू नये, आणि गुलाल उडत असताना लेन्स कधीही बदलू नये.

रात्रीच्या बाजारात चित्रावर आडवे काळे पट्टे येतात, अशी तक्रार अनेक विद्यार्थी करतात. त्याचे उत्तरही शटरमध्येच आहे. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ट्यूबलाइट आणि काही एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात; शटर १/१०० किंवा १/५० ठेवले की पट्टे बहुधा नाहीसे होतात.

कोर्सविषयी थोडक्यात सांगते. सर जे. जे. इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड आर्टसारख्या संस्थेत प्रवेश मिळाला तर जरूर घ्यावा, कारण तेथे छायाचित्रणाबरोबर रेखांकन आणि मांडणीचेही संस्कार होतात. तो मिळाला नाही तर केवळ तंत्रे दाखवणाऱ्या महागड्या शिबिरासाठी घरच्यांना कर्ज काढायला लावू नये. आठवड्यातून एकदा आपली चित्रे पाहून निर्भीडपणे बोलणारे दोघे-तिघे सहाध्यायी असतील, तर शिक्षणाचा मोठा भाग त्यांतून होतो.

कॅमेऱ्याचे म्हणाल, तर शटर हाताने ठरवता येईल असा कोणताही चालेल. अनेक अँड्रॉइड फोनांच्या ‘प्रो’ मोडमध्ये ही सोय असते. बहुतेक फोनांचे छिद्र बदलता येत नसल्याने भर उन्हात संथ शटर जमत नाही, पण संध्याकाळनंतरचे प्रयोग नीट होतात. घ्यायचाच असेल तर फोर्टातल्या बोरा बाजारात जुना डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा कॅमेरा, पाहावा. तो घेताना शटर किती वेळा चालले आहे हे विचारावे आणि लेन्सच्या एका बाजूने टॉर्चचा उजेड टाकून दुसऱ्या बाजूने आत पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी आहे. मुंबईच्या दमट हवेत ती वाढतच जाते, तेव्हा अशी लेन्स कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. आपलीही लेन्स कापडी बॅगेत पडू न देता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. उरलेले पैसे दुसऱ्या लेन्ससाठी साठवण्याऐवजी मजबूत ट्रायपॉडवर खर्च करावेत, कारण समुद्रावरच्या वाऱ्यात हलका ट्रायपॉड १५ सेकंद स्थिर राहत नाही.