नीलाळा

सकाळी साडेनऊला डीटीपी करणाऱ्या ताईंचा फोन आला. आमच्या पहिल्या कादंबरीची फाइल त्या दिवशी संध्याकाळी सहाला छापखान्यात जायची होती, त्यामुळे त्यांचं नाव स्क्रीनवर दिसताच पोटात गोळा आला.

“सर, नीलाळा म्हणजे काय हो?”

“नीला असेल. नीला आपली नायिका आहे.”

“नीला माहितीये मला. चार वेळा प्रुफं काढलीत मी तुमची. हे नीलाळा आहे. पान 88. ‘तिला एकदम नीलाळा दाटून आला.’ त्वचेचं काही आहे का हे?”

दोन सेकंद काहीच सुचलं नाही. मग सगळं एकदम लक्षात आलं आणि कान तापले. नीला आधी उमा होती.

कादंबरी एका बंद पडत चाललेल्या नाट्यगृहाची. तिथली प्रकाशयोजना सांभाळणारी बाई माझ्या सहलेखिकेनं घडवली आणि तिचं नाव ठेवलं उमा. उतारवयातली नटी माझी, तिचं नाव मी ठेवलं रमा. लिहिण्याच्या सगळ्या काळात आम्हा दोघांनाही यात काही वावगं दिसलं नाही. संपादकबाई मात्र पहिल्याच भेटीत म्हणाल्या, “उमा आणि रमा एका खोलीत आल्या की मी हरवते. एकीचं नाव बदला.” आपापलं माणूस सोडायला कोणीच तयार होईना, तेव्हा चिठ्ठी टाकली आणि उमा गेली. मग कोणीतरी रात्री फाइल उघडून ‘उमा’ शोधलं, ‘नीला’ लिहिलं आणि ‘रिप्लेस ऑल’ दाबलं. उमा आणि उमाळा यांतला फरक संगणकाला कळायचं काही कारण नव्हतं.

‘कोणीतरी’ असं आत्ता म्हणतोय. त्या सकाळी हा उद्योग माझ्या सहलेखिकेचाच, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

“अगं, उमाळ्याचा नीलाळा झालाय,” मी तिला फोन लावून जवळजवळ ओरडलोच. “असं आंधळं रिप्लेस ऑल करतं का कुणी?”

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग कीबोर्डचा आवाज. “किती ठिकाणी झालंय ते आधी बघू या,” ती म्हणाली. “भांडू नंतर.”

भांडण नंतरवर टाकायची तिची जुनी खोड. चार वर्षांत अशी बरीच उधारी साठली होती.

लिहायला बसलो तेव्हा जोडीनं लिहिणाऱ्यांच्या गोष्टी वाचून आम्ही भारावून गेलो होतो. स्वीडनच्या माय शोवाल आणि पेर वालो यांनी 1965 ते 1975 या काळात दहा कादंबऱ्या लिहिल्या. मुलं झोपली की रात्री लिहायला बसायचं, आराखडा आधीच पक्का केलेला, मग एक प्रकरण तिनं लिहायचं, पुढचं त्यानं. दुसरी जोडी ‘एलरी क्वीन’ या एकाच नावामागे लपलेली: फ्रेडरिक डॅने आणि मॅनफ्रेड ली, नात्यानं भाऊ, पण सख्खे नव्हेत. डॅने कथानकाचा तपशीलवार सांगाडा रचायचा, ली त्यावर मांस चढवायचा. दोघांच्या पत्रव्यवहारात ते एकमेकांवर कसे तुटून पडायचे हे वाचून आम्ही पोट धरून हसलो होतो. तेव्हा आमचं पहिलं पान लिहून व्हायचं होतं.

आम्ही स्वीडिश पद्धत उचलली, पण आराखडा पक्का करायचा कंटाळा केला. परिणाम सहाव्या प्रकरणात दिसला. तिच्या प्रकरणांत नायिका डावखुरी, माझ्यात उजव्या हातानं सही करणारी. माझ्याकडे नायिकेची आई ती आठ वर्षांची असताना गेली, तिच्याकडे अकरा वर्षांची असताना. हे सुधारायला सोपं होतं. एक तक्ता केला, त्यात प्रत्येक पात्राचं वय, सवयी, कोणाला काय कधी कळलं ते सगळं भरलं, आणि त्या तक्त्याला आम्ही ‘कुंडली’ म्हणायला लागलो.

सुधारायला अवघड होतं ते वेगळंच. ती निवेदनात ‘केले, गेले, त्याने’ लिहिते. मी ‘केलं, गेलं, त्यानं’. ऐकायला ही किरकोळ बाब वाटते, पण सलग वाचताना दर वीस पानांनी खोलीतला दिवा बदलल्यासारखं व्हायचं. तिचं म्हणणं, माझं निवेदन गप्पा मारतं. माझं म्हणणं, तिचं निवेदन इस्त्री करून आलंय. यावर आम्ही आठ महिने घालवले. कथानकावरसुद्धा इतके घालवले नाहीत. शेवटी माझा अनुस्वार राहायचा ठरला, त्या बदल्यात शेवट तिच्या मनासारखा. तेव्हाही पहिला प्रयत्न रिप्लेस ऑलचाच झाला होता आणि ‘पाहुणे निघून गेलं’, ‘तिनं डोळे मिटलं’ अशी वाक्यं तयार झाली होती. एकदा हात पोळल्यावर माणूस शहाणा होतो म्हणतात. असो. साडेतीनशे पानं हातानं तपासली, एकेका क्रियापदाला थांबून, हे एकवचनी नपुंसकलिंगी की अनेकवचनी पुल्लिंगी. त्या तपासणीत मात्र एक झालं. तिच्या प्रकरणांतलं प्रत्येक वाक्य माझ्या हाताखालून गेलं, माझं तिच्या, आणि जिथे हात घातला तिथे दोघांनीही थोडी थोडी चोरटी दुरुस्ती केली.

प्रकाशकांचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो बहुतेकांचा सारखाच असतो. दोघांनी उत्तरच दिलं नाही. एकानं चौदा महिन्यांनी नकार कळवला, तोवर आम्ही पाठवल्याचंही विसरलो होतो. एकानं कौतुकाचं लांबलचक पत्र लिहून शेवटच्या ओळीत छपाईचा खर्च तुम्ही करा म्हटलं. ते पत्र तिनं छापून भिंतीवर लावलं, शेवटची ओळ कापून. पाचव्यानं होकार दिला तो दोन अटींवर: नाव बदला आणि कादंबरी 256 पानांत बसवा.

करारावर सह्या करताना नावांचा क्रम निघाला. वर्णानुक्रमानं लावा, संपलं, असं मी उदारपणे म्हटलं. तिचं आडनाव ‘व’वरून, माझं ‘ह’वरून. मराठीत ‘व’ आधी येतो. इंग्रजीत लावलं तर एच आधी आणि व्ही कुठल्या कुठे. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा ती आधीच हसत होती. पुस्तक मराठी, म्हणून तिचं नाव वर. त्याच करारात संयुक्त कर्तृत्वाचं कलम होतं. लेखनहक्कांच्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराप्रमाणे अशा पुस्तकाच्या हक्काची मुदत जो लेखक शेवटी मरेल त्याच्या मृत्यूपासून मोजतात. कलम वाचून ती म्हणाली, “म्हणजे तू लवकर गेलास तरी पुस्तकाचं काही बिघडत नाही.”

तर, तो दिवस.

ताईंच्या फाइलमध्ये शोधायची सोय नव्हती. आम्ही युनिकोडमध्ये लिहिलेलं, मांडणी मात्र जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये. त्या रूपांतरात पहिल्या प्रुफात ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ आणि ‘तऱ्हे’चं ‘तर्हे’ झालं होतं, ते सगळं डोळ्यांनी वेचावं लागलं होतं. म्हणून आता मूळ फाइलमध्ये नीलाळा शोधायचा, वाक्य ताईंना वाचून दाखवायचं आणि त्यांनी ते पान गाठायचं, असा कारभार सुरू झाला. ‘नीलाळा’ पाच ठिकाणी निघाला. मग तिला अनेकवचन आठवलं. ‘नीलाळे’ एका ठिकाणी: ‘नीलाळे येत राहिले.’ ताई फोनवर इतक्या हसल्या की त्यांना फोन ठेवावा लागला.

दुपारी दुरुस्त पानं आली. वाचता वाचता मला हाव सुटली. फाइल उघडीच आहे तर काटछाटीत गेलेलं माझं एक लाडकं वाक्य परत घालावं, शेवटच्या प्रकरणात. ताई म्हणाल्या, शेवटच्या पानावर दोनच ओळी मोकळ्या आहेत. सोळा पानांचा एक फॉर्म, असे बरोबर सोळा फॉर्म. 257वं पान झालं तर एका पानासाठी नवा फॉर्म लागतो आणि ते प्रकाशकांना तुम्ही सांगायचं. मी सहलेखिकेला वाक्य वाचून दाखवलं.

“छान आहे,” ती म्हणाली. “पण 256 पानांत जे राहून गेलं ते एवढ्यात मावणार आहे का?”

वाक्य अजून माझ्याकडेच आहे.

साडेचारला श्रेयपानाची शेवटची तपासणी. आयएसबीएनचा, म्हणजे पुस्तकाच्या ओळखक्रमांकाचा, आकडा 2007पासून तेरा अंकी असतो आणि त्यातला शेवटचा अंक पडताळणीसाठी असतो: अंकांना आळीपाळीनं एक आणि तीन यांनी गुणायचं, बेरजेला दहानं पूर्ण भाग गेला पाहिजे. तिनं तो हिशेब फोनवर मोठ्यानं केला, शाळेतल्या पाढ्यांच्या चालीत. भाग गेला. ताईंनी फाइल बंद करायला घेतली.

आता उधारी वसूल करायला हरकत नव्हती. मी गूगल डॉकची जुनी आवृत्ती उघडली. त्यात कोणत्या क्षणी कोणी काय बदललं ते नावासकट दिसतं. स्क्रीनशॉट काढायचा आणि तिला पाठवायचा, बरोबर एखादं झोंबणारं वाक्य, असा बेत होता. बदल सापडला. रात्री 1 वाजून 47 मिनिटं. एकाच फटक्यात शेकडो ठिकाणी उमाची नीला. आणि बाजूला नाव माझं.

मग आठवलं. त्या रात्री ती म्हणाली होती की स्वतःच्या हातानं उमाला पुसायला जीव होत नाही. “दे, मी करतो,” असं मीच म्हटलं होतं, आणि दाबून झोपायला गेलो होतो.

तिला फोन लावला. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, “बघितलंस वाटतं.”

“तुला कधी कळलं?”

“सकाळीच. तू ओरडत होतास तेव्हा.”

“मग बोलली का नाहीस?”

“सहाला फाइल जायची होती ना. तू दिवसभर माफी मागत बसला असतास, आणि नीलाळे मला एकटीला शोधावे लागले असते.”

सहाला पाच मिनिटं कमी असताना फाइल गेली.

पुस्तक आलं. पहिली प्रत हातात आल्यावर वाचायची नसते असं अनुभवी लोक सांगतात, कारण जे पान उघडेल त्यावरच चूक दिसते. आम्ही दोघांनी ते पाळलं. चार महिन्यांनी एका वाचकमेळाव्याला बोलावलं. प्रश्नोत्तरात ठरलेला प्रश्न आला, कोणी काय लिहिलं, त्याला ठरलेलं उत्तर दिलं. मग मागच्या रांगेतून एक वयस्कर बाई उठल्या. हातात पुस्तक, त्यात खुणेच्या चिठ्ठ्या.

“पान 211,” त्या म्हणाल्या. “‘आत ये, ती नीलाळ्यानं म्हणाली.’ मी दोनदा वाचलं. उमाळ्यानं, असं कोणीही लिहिलं असतं. पण नीलाचा उमाळा म्हणून नीलाळा! माणसाच्या नावातून त्याच्या मायेचा शब्द काढायचा, हे फार आवडलं मला. तुम्हा दोघांपैकी कोणाला सुचलं हे?”

नीलाळा शोधला होता, नीलाळे शोधले होते. सामान्यरूप, जे मराठीत तिसरी-चौथीची मुलं न शिकवता बरोबर वापरतात, ते आम्हा दोन लेखकांना त्या दिवशी आठवलं नव्हतं. मी माइककडे बघत बसलो. तिनं तो माझ्यासमोरून शांतपणे उचलला.

“ह्याला सुचलं,” ती म्हणाली. “रात्री पावणेदोनला.”