मे महिन्याचं रीडिंग : आमची वाटचाल

नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका गल्लीत, जिन्याखालच्या जागेत आम्ही २०११ मध्ये दुकान टाकलं, तेव्हा पाटीवर 'कॉम्प्युटर रिपेअरिंग' एवढंच होतं. मी आणि माझा मावसभाऊ. विंडोज टाकून देणं, एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, बदलणं, लग्नाचे अल्बम करणाऱ्या स्टुडिओंच्या मशीन सांभाळणं, हीच कामं. ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं, दुकानात आणलं ते इंजिनिअरिंगच्या पोरांनी. त्याच वर्षी इंटेलचा आय५-२५००के आला होता. ३.३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, पण वेग वाढवण्यावर कंपनीचं कुलूप नसल्यामुळे ४.५ पर्यंत पळायचा. पोरं हॉस्टेलवरून मशीन ऑटोत घालून आणायची. "दादा, गेम सुरू केला की बंद पडून राहिला ना हा!"

मशीन बंद पडण्यामागे गणित साधं होतं. वेग वाढवला की व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि उष्णता वाढते ती वेगाच्या पटीत, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. वेग दहा टक्के वाढवला आणि व्होल्टेज १.२५ वरून १.३५ केलं, तर उष्णता २८ टक्क्यांच्या आसपास वाढते. डब्यात आलेल्या फॅनला ते झेपत नाही.

मग प्रोसेसरवर बसवायचा कूलर कोणता घ्यायचा? पोरं परदेशी चाचण्यांचे आकडे पाठ करून यायची. त्या चाचण्या बहुतेक वीस-बावीस अंशांच्या खोलीत होतात. तिथे प्रोसेसर ७० वर थांबला, म्हणजे तो खोलीपेक्षा जवळजवळ ५० अंश वर आहे. खरा आकडा तो ५०. नागपुरात मे महिन्यात दुपारी बंद खोलीत ४२ अंश सहज असतात. तोच कूलर, तोच प्रोसेसर, बेरीज ९२. हवेचा असो की पाण्याचा, असा कोणताही कूलर प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करत नाही. उष्णता त्याच हवेत सोडतो.

२०१३ च्या मे महिन्यात इथं पारा ४७.९ वर गेला, आणि त्या उन्हाळ्यात आम्ही धंद्याची रीत बदलली. दुकानाच्या वर पत्र्याची एक खोली होती, मालकाची अडगळ. ती भाड्याने घेतली. प्रत्येक ओव्हरक्लॉक केलेली मशीन तिथे दुपारी दोन ते चार चालवायची, प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारं प्राइम९५ सॉफ्टवेअर लावून, एसी नाही, खिडकीतला कूलर नाही. बिलावर दोन आकडे लिहायचे: खोलीचं तापमान आणि प्रोसेसरचं. गिऱ्हाईक त्याला 'मे महिन्याचं रीडिंग' म्हणू लागले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन माल आमच्यापेक्षा स्वस्त मिळतो, हे आम्हालाही ठाऊक आहे. हे रीडिंग मात्र तिकडे कोणी देत नाही. वर्धा, अमरावती, चंद्रपूरहून लोक येऊ लागले ते यासाठी. (चंद्रपूरच्या माणसापुढे आम्ही उन्हाच्या गोष्टी करत नाही.)

खोलीत थर्मामीटर दोन ठेवतो. २०२४ च्या मेअखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. नंतर कळलं, सेन्सर बिघडला होता. एका आकड्यावर विश्वास टाकायचा नाही, हे मावसभाऊ आधीपासून सांगायचा.

पाण्याच्या कूलरबद्दल आमचं मत बऱ्याच जणांना रुचत नाही. दिसायला तो देखणा, काचेच्या कॅबिनेटमध्ये तर विचारूच नका, आणि आम्हाला त्यात मार्जिनही जास्त. पण पाणी तापायला वेळ घेतं, म्हणून पाच-दहा मिनिटांच्या चाचणीत तो फार छान दिसतो. अर्ध्या तासाने पाणी तापून स्थिरावलं की मगच खरं रीडिंग मिळतं. शिवाय त्यात पंप असतो, आणि वर्षानुवर्षं नळ्यांच्या भिंतींतून थोडं थोडं पाणी उडून जातं. रेडिएटर, म्हणजे पाणी थंड करणारी पत्र्यांची जाळी, पंपापेक्षा खाली बसवला तर हवा पंपात साचते आणि तो घरघर करायला लागतो. आय९-१३९००के सारखा २५३ वॅट खाणारा प्रोसेसर असेल आणि रात्रभर रेंडरिंग चालणार असेल, तर ३६० मिलिमीटरचा रेडिएटर आम्ही स्वतः सुचवतो. गेम खेळणाऱ्याला दोन टॉवरचा चांगला एअर कूलर बहुतेक वेळा पुरतो. त्याचा फॅन गेला तर दुसरा लावला, काम झालं.

त्याचीही कटकट आहेच. नॉक्टुआचा एनएच-डी१५ घ्या: उंची १६५ मिलिमीटर, फॅनसकट वजन सव्वा किलोच्या वर. कॅबिनेटची बाजूची काच बंद होईल का, रॅमच्या पट्ट्या आड येतील का, हे पैसे घेण्याआधी टेप लावून बघतो. मशीन एसटीने बाहेरगावी जाणार असेल तर कूलर उतरवून वेगळा बांधतो. खड्ड्यांत ते वजन मदरबोर्डवर लोंबकळत ठेवायची आमची हिंमत नाही.

कामठीचे एक स्टुडिओवाले काका भारीतला लिक्विड कूलर लावलेली मशीन घेऊन आले. "बावा, हजारो रुपये घातले, तरी शंभरला टेकून राहिला." मशीन उघडली तर रेडिएटरच्या पत्र्यांमध्ये पांढरट, कडक थर. नखाने खरवडला तर खडूसारखा भुगा पडला. मशीन खिडकीतल्या कूलरच्या अगदी तोंडासमोर ठेवलेली होती. जाळीतून उडालेले बोअरच्या पाण्याचे थेंब आणि धूळ, दोन्ही मिळून पत्र्यांची फट बुजली होती. रेडिएटर साफ केला, प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट बदलली, आणि मशीन कूलरच्या झोतापासून बाजूला भिंतीशी ठेवायला सांगितली. खिडकीतला कूलर लावू नका असं आम्ही कधीच म्हणत नाही. उन्हाळ्यात इथली हवा कोरडी असते, वाळ्याच्या ताट्या ओल्या असल्या की खोली दहा-बारा अंशांनी उतरते, आणि तेवढाच प्रोसेसरही. एवढा फरक दुसरा कोणताही सुटा भाग देत नाही. थेंब आणि धूळ तेवढी मशीनपर्यंत जाऊ द्यायची नाही.

आता ओव्हरक्लॉकिंगचं काम कमी झालं आहे. नवे प्रोसेसर आपले आपणच शेवटच्या टोकापर्यंत पळतात. २०२२ पासूनचे रायझन ७००० तर पूर्ण लोडवर ९५ अंशांपर्यंत जाऊन तिथे थांबण्यासाठीच बनवले आहेत. घाबरलेल्या गिऱ्हाइकाला हे समजावण्यात एक चहा जातो. आमची निम्मी कामं आता उलटी: कर्व्ह ऑप्टिमायझर नावाच्या सेटिंगमधून व्होल्टेज थोडं थोडं उतरवायचं, दर वेळी तासभर चालवून बघायचं. प्रत्येक चिप वेगळी निघते, म्हणून एकीचे आकडे दुसरीला लावता येत नाहीत. वेग जवळपास तोच राहतो आणि उष्णता कमी होते. यात विकायला काही नाही, फक्त मजुरी मिळते.

पत्र्याची खोली अजून आहे. होळी झाली की तिथे रांग लागते. मे महिन्यात मशीन द्यायची असेल तर सकाळी अकराच्या आत आणून ठेवा. दुपारी दोनला दार लावल्यावर आम्ही नवीन मशीन आत घेत नाही.