भिंतीची भेग आणि पायाखालची चिकणमाती

गोव्यात घर बांधताना पायाखालच्या मातीची चौकशी फारसे कोणी करीत नाही, कारण फोंडा, डिचोली, सांगे अशा भागांत थोडे खणले की मुरूम किंवा जांभा लागतो आणि त्यावर बांधलेले घर पिढ्यान्‌पिढ्या टिकते. जांभ्यापासून झालेल्या मातीत केओलिनाइट हे चिकणमातीचे खनिज आणि लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडे असतात. ती भिजली तरी फारशी फुगत नाही व वाळली तरी फारशी आकसत नाही. त्यामुळे भिंतीला भेग पडली की दोष गिलाव्याचा किंवा गवंड्याचा, असे आपण सहज ठरवून मोकळे होतो. मात्र तिसवाडी, बार्देश आणि सासष्टीत खाजनांच्या, म्हणजे बांध घालून खाडीकाठी केलेल्या सखल शेतजमिनींच्या, कडेला व भरलेल्या शेतजमिनींवर जी घरे उभी राहिली आहेत, त्यांच्याखाली वरचा मुरमाचा भराव ओलांडला की चिकणमाती असते. तिथे हा जुना अंदाज चालत नाही.

इमारतींच्या दुरुस्तीच्या कामात असल्यामुळे अशी घरे मला वरचेवर पाहावी लागतात. तिसवाडीतील एका निवृत्त शिक्षकांच्या घरी स्वयंपाकघराच्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून निघालेली भेग चिऱ्यांच्या सांध्यांमधून पायऱ्या-पायऱ्यांनी जोत्यापर्यंत उतरली होती. वर ती बोटाचे टोक जाईल एवढी रुंद होती आणि खाली येता येता केसाएवढी बारीक झाली होती. सरांनी ती सिमेंटने भरून घेतली होती, तरी पुढच्या उन्हाळ्यात ती त्याच जागी पुन्हा उघडली. घराचा पुढचा भाग उंचवट्यावर, जांभ्यावर आणि स्वयंपाकघराची बाजू शेताकडच्या भरावावर, अशी ती रचना होती. त्या भिंतीलगत सांडपाण्याची फुटकी मोरी होती आणि दोन पावलांवर पिंपळ वाढला होता. एका बाजूने माती भिजत होती, दुसऱ्या बाजूने पिंपळ तिच्यातला ओलावा शोषून घेत होता.

फुगणाऱ्या मातीचे खरे माहेर दख्खनचे पठार आहे. बेसाल्ट झिजून झालेल्या काळ्या मातीत, सोलापूरकडे किंवा घाटापलीकडे हुबळी-धारवाडकडे, मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरते आणि माती वर उचलली जाते, मग उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात. आपल्या खाजनांतल्या चिकणमातीचा पहिला दोष वेगळा आहे: ती मऊ असते आणि भाराखाली वर्षानुवर्षे दबत राहते. वाळल्यावर ती आकसते, हा तिचा दुसरा दोष. दोन्ही दुखण्यांचे औषध एक नाही, म्हणून निदान आधी व्हायला हवे. खचणाऱ्या पायाची भेग एकाच दिशेने वाढत जाते. फुगण्या-आकसण्याची भेग ऋतूप्रमाणे उघडते आणि मिटते. भेगेवर काचेची पातळ पट्टी प्लास्टरने चिकटवून शेजारी तारीख लिहावी, रुंदी मोजून ठेवावी आणि मे महिन्याची नोंद ऑगस्टच्या नोंदीशी ताडून पाहावी. चार महिन्यांत सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस आणि पुढचे आठ महिने जवळजवळ कोरडे, अशा आपल्या हवामानात हा फरक लपून राहत नाही.

मातीची तपासणीही अवघड नाही. पायालगत खड्डा खणून पायाच्या तळापासचा नमुना घ्यावा. प्रयोगशाळेत 425 मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली 10 ग्रॅम कोरडी माती एका नळीत ऊर्ध्वपातित पाण्यात आणि तितकीच दुसऱ्या नळीत रॉकेलमध्ये टाकतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, त्यामुळे 24 तासांनी पाण्यातला थर रॉकेलमधल्या थरापेक्षा जितके टक्के जास्त भरतो, तीच तिच्या फुगण्याची टक्केवारी ठरते. हा आकडा 50 च्या आत असला तर चिंता कमी, 100 च्या वर गेला तर पायाचा विचार वेगळ्याच रीतीने करावा लागतो.

यानंतरही पायाला लगेच हात लावू नये, असे माझे ठाम मत आहे. मातीतला ओलावा सतत बदलत राहिला तर कितीही भक्कम केलेला पाया हलणारच. आधी फुटक्या मोऱ्या आणि नळ दुरुस्त करावेत, शोषखड्डा घरापासून दूर न्यावा आणि पागोळ्यांचे पाणी पन्हळीने गटारापर्यंत पोहोचवावे. जोत्याभोवती मीटर-दीड मीटर रुंदीचा, बाहेरच्या बाजूला उतार असलेला पक्का पट्टा घालावा आणि भिंतीला खेटून फुलझाडांचे वाफे करू नयेत. पिंपळासारखे झाड काढायचे असेल, तर त्यानंतर कोरडी पडलेली माती पुन्हा ओलावा घेऊन फुगेल, हे लक्षात घेऊन एक पावसाळा वाट पाहावी. पुष्कळ घरांत एवढ्याने भेग स्थिरावते आणि लाखांचा खर्च वाचतो.

तरीही हालचाल थांबली नाही, तर अंडरपिनिंग करावे लागते. जुन्या पायाखाली मीटर-सव्वा मीटर लांबीचे तुकडे एकाआड एक खणून काँक्रीट भरतात. शेजारशेजारचे दोन तुकडे एका वेळी कधीही उघडायचे नसतात. काँक्रीट आकसून घेतल्यावर त्याच्या आणि जुन्या पायाच्या मधली फट घट्ट मसाल्याने ठासून भरतात, आणि मगच पुढचा तुकडा खणतात. फुगणाऱ्या मातीवर नुसता एकच कोपरा असा धरून ठेवला, तर तो स्थिर राहतो, बाकीचे घर ऋतूप्रमाणे हलत राहते आणि सांध्यावर नवी भेग पडते. ठेकेदार कोपऱ्यापुरते काम स्वस्तात करून देतो म्हणाला, तर बाकीच्या घराचे काय, हा प्रश्न त्याला अवश्य विचारावा.

काळ्या मातीवर नवे घर बांधणाऱ्यांसाठी रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अंडर-रीम्ड पाइलची, म्हणजे जमिनीत उतरवलेल्या, तळाशी फुगीर काँक्रीटच्या खांबांची, पद्धत रूढ केली. हे पाइल साधारण साडेतीन मीटर खोल, म्हणजे ऋतूंचा परिणाम पोहोचत नाही अशा थरापर्यंत नेतात आणि तळाशी त्यांचा घेर दांड्याच्या अडीचपट फुगवतात. वरची तुळई जमिनीपासून किमान 80 मिलिमीटर वर ठेवतात, म्हणजे खालची माती फुगली तरी तुळईला धक्का लागत नाही. मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक काट्टी यांनी दाखवलेला उपाय मला विशेष आवडतो: फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या, पण धरून राहणाऱ्या मातीचा जाड थर दाबून बसवायचा. आपल्या डोंगरातला चांगला मुरूम त्या कामाचा आहे.

भेग बुजवण्याचे काम सर्वांत शेवटी, आणि तेही डिसेंबर-जानेवारीत करावे, जेव्हा माती पुरती भिजलेलीही नसते आणि पुरती सुकलेलीही नसते. जुन्या चिरेबंदी भिंतीत निव्वळ सिमेंटचा कडक मसाला न वापरता चुन्याचा मसाला भरावा आणि भेगेला आडव्या, गंज न धरणाऱ्या सळ्या सांध्यांत बसवाव्यात. सरांच्या घरी मोरी आणि भोवतीचा पट्टा झाला आहे, पिंपळ काढला आहे. येत्या मे महिन्याची नोंद पाहिल्याशिवाय भिंतीला मसाला लावायचा नाही, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे.