मेजाचं कापड, नोंद ७: अक्षरं का फाकत होती ते सापडलं

सलाम मैत्रिणींनो. आजीच्या कापडावरची अक्षरांची पट्टी मी चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या विधीच्या, मेजासाठी क्रोशानं नव्यानं विणते आहे. मागच्या नोंदीत त्यातला ‘माझ्या’ हा शब्द पूर्ण झाल्याचा फोटो टाकला होता आणि तुम्ही सगळ्यांनी भरभरून कौतुक केलंत. ती पट्टी आता नाही. पुढचा शब्दही सुरू झाला होता, एकूण ९२ ओळी होत्या, परवा रात्री बसून सगळ्या उसवल्या.

कारण तुम्हाला ठाऊक आहेच, चौथ्या नोंदीपासून मी तेच रडगाणं गाते आहे: माझी अक्षरं आडवी फाकतात. आजीच्या कापडावर ‘माझ्या स्मरणार्थ हे करा’ हे येशूचं वाक्य कसं नेटकं, चौकोनी बसलंय. माझा ‘मा’ मात्र कुणीतरी दोन्ही बाजूंनी धरून ओढल्यासारखा. परवा शेवटी पट्टी टेबलावर सपाट पसरून टेप लावली. ९२ ओळी साडेअठ्ठेचाळीस सेंमीत बसायला हव्यात, माझ्या साडेसत्तावन्न भरल्या. म्हणजे दोन्ही बाजूंचे क्रूस धरून १९८ ओळींना १२४ सेंमी लागणार, आणि प्रभुभोजनाच्या मेजाची पुढची बाजू आहे १०४. एक क्रूस हवेत लोंबला असता.

नव्यानं आलेल्यांसाठी एवढंच सांगते की आजीची ही पट्टी उभ्या बाजूनं विणलेली आहे. एक ओळ म्हणजे पट्टीची उंची, २५ घरं, म्हणजे जाळीचे चौकोन, काही भरीव, काही रिकामे. त्यामुळे अक्षरं आडवी पडून विणली जातात. शिरोरेषा म्हणजे प्रत्येक ओळीत त्याच जागी दोन भरीव घरं, काना म्हणजे जवळजवळ अख्खी भरीव ओळ. हे एकदा डोक्यात बसलं की देवनागरी जाळीकामाला फार सोयीची आहे असं माझं ठाम मत झालंय. पण ओळ जरा उंच झाली की अक्षर तेवढंच रुंद होतं.

माझं मोजमाप होतं १० सेंमीत १९ घरं, पण ओळी फक्त १६. आजीच्या कापडावर घरंही १९, ओळीही १९. तिची घरं खरी चौकोनी.

आधी दोऱ्यावर संशय घेतला. २० नंबरऐवजी बारीक, ४० नंबरचा आणला, घरं लहान झाली पण तशीच उभट. मग सुई बदलली. सव्वा मिमीची बाजूला ठेवून एक मिमीची घेतली, तरी तेच, सगळं सारख्या प्रमाणात आकसलं. दोन खांबांमध्ये, म्हणजे उभ्या टाक्यांमध्ये, दोनऐवजी तीन साखळ्या टाकून पाहिल्या, तर रिकामी घरं रुंद झाली आणि भरीव घरांत खांब विरळ दिसायला लागले. शेवटी साबुदाण्याची दाट खळ दिली, थर्माकोलवर टाचण्या मारून पट्टी दाबून बसवली. वाळल्यावर काय सुंदर दिसली! हुरळून गेले. एकदा धुतली आणि मूळ पदावर आली. मेजाचं कापड वर्षभर धुतलं जाणार, तिथे खळीच्या जिवावर चौकोन टिकवणं ही फसवणूकच.

(याच काळात ऑनलाइन मागवलेल्या दोऱ्याचे सहा गुंडे आले, त्यांतले दोन पांढरेशुभ्र आणि चार सायीच्या रंगाचे. नंबर एकच. आता कापड बाजारातल्या दुकानात जाऊन उजेडात गुंडे शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय मी दोरा घेत नाही.)

रविवारी उपासनेनंतर पिशवी घेऊन महिला मंडळाच्या एका बाईंकडे गेले. वय ८६, शाळेत शिवण शिकवायच्या, आणि आजीच्या शेजारच्या बाकावर त्यांनी कित्येक वर्षं काढलेली. अमेरिकन मराठी मिशननं १८३१ मध्ये नगरला ठाणं मांडलं, पुढे त्याच मिशनच्या सिंथिया फरार बाईंनी इथे मुली शिकवल्या. आजी आणि या बाई त्याच परंपरेतल्या मिशनच्या वसतिगृहात वाढल्या, क्रोशा दोघी तिथेच शिकल्या.

बाईंनी पट्टीकडे बघितलंच नाही. “विण,” म्हणाल्या. दोन मिनिटं माझ्या हाताकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, “अगं, खांब उपटतेस कशाला? राहू दे की त्याला जमिनीत.”

झालं. एवढंच होतं! सुई घरात घालून दोरा बाहेर काढल्यावर मी तो पहिला फास वर ओढत होते, सवयीनं, नकळत. त्या फासावर खांबाची उंची ठरते. रुंदीशी त्याचा काही संबंध नाही, म्हणून सुई बदलून प्रमाण बदलत नव्हतं. बाईंनी माझी तर्जनी धरून खाली दाबली आणि सुई आडवी ठेवायला लावली. फास वर न उचलता तिथल्या तिथे पुढच्या वेढ्यात घ्यायचा. “तुझी आजी सुई उचलायचीच नाही,” म्हणाल्या. आजीचा हात डोळ्यांसमोर आला. करंगळीला दोऱ्याचा वेढा, मनगट मांडीवर टेकलेलं. रबरी मुठीची महागडी सुई मी त्याच दिवशी ठेवून दिली. त्या मुठीनं मनगट आपोआप वर उचललं जातं. आजीची साधी पोलादी, चिंधी गुंडाळलेली सुई घेतली.

नमुना म्हणून मुद्दाम ‘र्थ’ विणला. आजीच्या नमुन्यांच्या वहीतलं ते पान कसरीनं खाल्लंय आणि तिच्या कापडावर नेमका तिथेच गंजाचा डाग आहे. खिडकीवर कापड धरून उजेडात घरं मोजली. आजीनं रफार काढलाय तो शिरोरेषेच्या वर फक्त तीन भरीव घरांत, पायरीनं, आणि मधलं एक घर रिकामं सोडून. लांबून अगदी गोल दिसतो. मी त्याच्यासाठी सात घरं आखली होती!

नव्या हातानं १० सेंमीत साडेअठरा ओळी बसल्या. १९ नाहीत. १९८ ओळींना १०७ सेंमी होतात, म्हणजे तीन जास्त. पुन्हा सुई बदलणार होते, पण हे लिहितालिहिता सुचलं की दोन्ही टोकांच्या कोऱ्या जाळीतल्या तीन-तीन ओळी काढल्या तर १९२ राहतात आणि बरोबर १०४ भरतात. क्रूसाला धक्का लागत नाही. तेच करते. उसवलेल्या दोऱ्याची चकाकी गेलीय, तो अक्षरांत वापरणार नाही. आधी मागच्या काठासाठी ठेवला होता, आता वाटतंय मंडळातल्या मुलींना शिकायला द्यावा.

वहीबद्दल एक राहिलं. चौकटींच्या पानांवर दर दहा ओळींशेजारी आजीनं बारीक अक्षरात काहीतरी लिहिलंय. मला वाटायचं दोऱ्याचा हिशेब असेल. भिंगातून वाचलं. ‘थोरला, परीक्षा.’ ‘बेबीचा ताप.’ ‘पाळकसाहेबांचं ऑपरेशन.’ ‘धाकट्याची नोकरी.’ त्या दहा ओळी विणताना ती कुणासाठी प्रार्थना करत होती, ते. ना. वा. टिळकांची भजनं गुणगुणत विणायची एवढं आम्हाला माहीत होतं, हे माहीत नव्हतं. १२० व्या ओळीशी माझं नाव आहे, पुढे फक्त ‘सुखरूप’.

चर्चमधल्या कापणीच्या सणाच्या लिलावाआधी संपणार नाही, नाताळ गाठायचा. आज ६१ ओळी, ३३ सेंमी. ‘माझ्या’ पुन्हा झाला आणि या वेळी चौकोनी आहे. फोटो उद्या दिवसाउजेडी काढते.