सांध्याचा फोटो

करवत काठी साडी खरी की नकली, हे तिचा काठ आणि अंग जिथं एकमेकांना भेटतात तिथं कळतं. साडी हातात असेल तर सांध्यावरून नुसतं बोट फिरवावं, बारीक उंचवटा लागतो. पण आता गिऱ्हाईक पुण्यात नाहीतर बंगलोरला बसलेलं असतं आणि साडी मोबाइलवर पाहतं. त्याला बोट कुठून फिरवू द्यायचं? तेवढ्यासाठी मला आंधळगावहून फोन आला.

मी तुमसरची. लग्नं, बारशी, शाळांची स्नेहसंमेलनं, यावर माझा स्टुडिओ चालतो. आंधळगाव मोहाडी तालुक्यातलं, कोसा, म्हणजे टसर रेशीम, विणणाऱ्यांचं गाव म्हणून सगळ्या भंडारा जिल्ह्याला ठाऊक. फोन करणाऱ्या काकाजींच्या मुलीच्या लग्नात फोटो मीच काढले होते. त्यांच्या साड्या एका व्यापाऱ्यानं परत पाठवल्या होत्या. कारण काय, तर म्हणे पावरलूमच्या दिसतात.

"माया बापानं शिकवलेलं काम आहे पोरी," काकाजी म्हणाले. "मशीनचं म्हनते तं मले रातभर झोप नाही. असा फोटो काढ का त्याचं तोंड बंद झालं पायजे."

त्यांचा तो आवाज ऐकून मी दुसऱ्या दिवशीचं काम पुढं ढकललं.

व्यापाऱ्याला जे दिसलं नाही ते आधी सांगते. साध्या साडीत आडवा धागा, म्हणजे बाणा, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ धावतो. काठाचा ताणा, म्हणजे उभा धागा, लाल असला आणि त्यातून अंगाचा बदामी बाणा गेला, की काठ मिश्र रंगाचा, फिका दिसतो. करवत काठीला बाणा नेणारे धोटे तीन लागतात. मधल्या अंगाचा एक, दोन्ही काठांचे दोन. काठात ताणाही लाल, बाणाही लाल, म्हणून तो रंग असा भरीव उतरतो. अंगाचा बाणा काठाच्या हद्दीवर येतो, काठाच्या बाण्याला अडकतो आणि मागं फिरतो. ही हद्द एका जागी राहत नाही. दर फेकीला लाल थोडा आत सरकतो, मग माघार घेतो, आणि करवतीचे दात तयार होतात. एकाच माणसाला दोन्ही काठ सांभाळणं जड जातं, म्हणून जोडीला दुसरं कोणीतरी बसतं. या घरी काकू बसतात. या विणीला भौगोलिक मानांकन आहे. पण मानांकनाचा कागद साडीच्या घडीतून बोलत नाही.

मी पोचले तेव्हा आभाळ गच्च भरलेलं होतं आणि लाइट गेलेली. खड्डामागाच्या खोलीत एक दार, एक खिडकी. काकाजी खड्ड्यात पाय सोडून, ते मागाच्या पावडीवर, म्हणजे पायानं दाबायच्या पट्टीवर, टेकवून बसलेले. माग असा जमिनीत घेतात तो उगाच नाही, खड्ड्यातली ओल सुताला मऊ ठेवते. कोसा कोरडा पडला की तुटतो.

साडी निम्मी विणून झालेली, मागावरच ताणलेली. काढता येणार नव्हती. मी मॅक्रो लेन्स लावली, ट्रायपॉड कसाबसा मागाच्या लाकडांमध्ये बसवला. वस्तू आहे तेवढीच सेन्सरवर उतरवायची म्हटली, म्हणजे १:१, तर लेन्सचं छिद्र एफ/८ वर असताना जेमतेम १ मिलिमीटर खोलीतलंच स्पष्ट येतं. कापड सपाट, म्हणजे एवढ्यानं भागायला हवं होतं. भागलं नाही. दोन बाणे एकमेकांत अडकतात ती जागा सपाट नसतेच, एक धागा वर येतो, दुसरा खाली दबतो. वरचा स्पष्ट आला की खालचा धूसर. छिद्र एफ/१६ पर्यंत लहान केलं तर दोन्ही येतात, पण तिथं विवर्तनामुळं, म्हणजे लहान छिद्रातून जाताना उजेड पसरतो म्हणून, धाग्याची कड बोथट होऊ लागते. अशा वेळी कॅमेरा हलू न देता फोकस थोडा थोडा सरकवत बरेच फोटो घ्यायचे आणि संगणकावर ते एकावर एक बसवायचे, हा उपाय मला माहीत होता. तो प्रश्न सुटणारा होता.

न सुटणारा प्रश्न उजेडाचा होता. दारातून येणारा उजेड तिरपा होता, त्यानं धाग्यांचा उठाव छान दिसत होता. कोशाच्या धाग्याचं ते खडबडीत, ओबडधोबड सौंदर्य त्यात पुरेपूर आलं होतं. पण कोण कुणात अडकलंय ते कळत नव्हतं. गुंतलेल्या वस्तूंचं हेच अवघड. डोळा मान हलवून पाहतो, पुढचं-मागचं लावून घेतो. कॅमेऱ्याला एकच डोळा, तो सगळं एका पातळीवर आणून ठेवतो. सुंदर फोटो येत होते, आणि त्यातला एकही काकाजींच्या कामाचा नव्हता.

काम थांबलं तसा काकूंनी चहा टाकला. मागच्या पडवीत त्यांची सासू कोशांचं सूत काढत बसली होती. सोड्याच्या पाण्यात शिजवलेले कोश, चार-सहा कोशांची तोंडं एकत्र धरून ती मांडीवर वळत होती. आजीनं मला जवळ बसवलं. पुरुष फोटोग्राफरला इथं कोणी बसू देत नाही, लुगडं मांडीपर्यंत वर घ्यावं लागतं. मी फोटो घेतला तो फक्त तळव्याचा आणि त्याखालून निघणाऱ्या धाग्याचा, आणि तो आधी आजीला दाखवला. एकेका कोशात शेकडो मीटर लांबीचा अखंड धागा असतो. अनेक अळ्यांनी येनाच्या नाहीतर अर्जुनाच्या झाडावर आपापल्या भोवती गुंडाळलेले धागे या म्हातारीच्या मांडीवर एक होतात. शिजवायचे राहिलेले काही कोश सुपात होते. त्यांना टणक देठ असतो आणि देठाच्या टोकाला एक कडं. अळी ते कडं डहाळीभोवतीच घट्ट वळते, म्हणून वाऱ्या-पावसात कोश झाडावरून सुटत नाही. पाखरांपासून, मुंग्यांपासून तो राखायला ढिवर बांधव जंगलात राखणीला बसतात, तेव्हा कुठं हे सूप भरतं. व्यापाऱ्याला साडीवरून यातलं काही दिसत नाही, हे मला तिथं बसल्यावर फार लागलं.

चहा पिता पिता मी काकूंना विचारलं, विणताना धागा चुकला तर तुम्हाला कळतं कसं?

"वरून का दिसते," काकू म्हणाल्या. "मी तं खालून उजेड धरून पाहतो."

मी कप तसाच ठेवला.

काकूंनी स्वयंपाकघरातून स्टीलची मोठी परात आणली. काकाजी खड्ड्यातून वर आले. परात खड्ड्यात तिरपी टेकवली, दारातला उजेड तिच्यावर पडून खालून कापडावर येईल अशी. शेजारच्या पोरानं ती धरून ठेवली, हात जरा हलला तरी उजेड पळायचा. मी वरून लेन्समधून पाहिलं आणि काकाजींना हाक मारली.

कच्चा कोसा उजेडानं आतून मधासारखा पेटला होता. काठ दाट, जवळजवळ काळपट लाल. आणि मधे सांधा: बदामी बाणा येतो, लालच्या गळ्यात हात घालतो, वळतो, परत जातो. पुढच्या ओळीत हीच भेट थोडी उजवीकडं. त्याच्या पुढं आणखी उजवीकडं. प्रत्येक वळण मोजता येत होतं.

१८४० च्या दशकात इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट लेसचा तुकडा थेट संवेदनशील कागदावर ठेवून उन्हात त्याचा छाप घेत असत. मधे कॅमेरा नाहीच. लेसमधून आरपार गेलेला उजेडच तिची वीण कागदावर लिहायचा. हे मी वाचलेलं होतं. काकूंनी ते न वाचता रोज केलेलं होतं, आणि माझ्या लेखी त्यांचं ज्ञान मोठं.

एक अडचण मात्र राहिली. पूर्ण दाताचा थोडा लांबून फोटो घेतला की पडद्यावर इंद्रधनुषी लाटा उमटायच्या. कापडाच्या रेषा आणि सेन्सरवरच्या बिंदूंच्या रेषा जवळपास सारख्या दाट झाल्या की त्या एकमेकींत अडकून तिसरीच नक्षी दाखवतात, तिला मोअरे म्हणतात. साडीत नसलेली गोष्ट फोटोत आली असती तर व्यापाऱ्यानं तेवढंच धरलं असतं. कॅमेरा किंचित फिरवला, अंतर कमी केलं, लाटा गेल्या.

मग काकाजींना मी विणायला बसवलं. काकू काठाशी बसल्या. दोघं बोलत नव्हती. काकाजींचा पाय पावडीवर पडायचा आणि त्याच क्षणी काकूंचा हात धोटा सोडायचा. हा ठेका मला फोटोत पकडायचा होता, म्हणून शटर मुद्दाम मंद ठेवलं. दोघांचे हात पुसट आले, सांधा लख्ख आला. कागदावर पुराव्याचा फोटो दुसराच आहे, पण मला हा जास्त खरा वाटतो.

पुराव्यासाठी काकाजींच्या भाच्यानं बाजारातून पावरलूमची नक्कल आणून ठेवली होती. तिचा काठ त्याच परातीच्या उजेडात, त्याच अंतरावरून घेतला. दात होते, सुबक होते. पण बदामी बाणा त्या दातांमधून थेट पलीकडं निघून गेला होता, कुठंच न थांबता, कुणालाच न अडकता. दोन्ही फोटो शेजारी ठेवल्यावर काही समजावून सांगायची गरज उरली नाही.

त्या रात्री फोटो एकावर एक बसवले आणि काकाजींच्या भाच्याकडं पाठवले, त्यानं ते व्यापाऱ्याला. व्यापाऱ्यानं त्या साड्या पुन्हा मागवून घेतल्या. माफी मात्र आली नाही, आणि काकाजींना ती हवी होती. त्यांनी व्यापाऱ्याला कळवलं की माल मिळेल, पण आता दर आम्ही सांगू तो. काकूंनी मला पोस्टकार्डाएवढ्या प्रती छापायला सांगितल्या आहेत, प्रत्येक साडीच्या घडीत एक घालायला. मागच्या बाजूला काय लिहायचं ते अजून ठरायचं आहे. काकाजी म्हणतात, त्यांचं नाव. मी म्हणते, दोघांचं.