युन्नानमध्ये आठ दिवस पु-अर पिताना

चीनच्या युन्नान प्रांताची राजधानी कुनमिंग. तिथल्या हॉटेलात पहिल्याच संध्याकाळी, पुण्याहून बरोबर नेलेला पु-अर चहा केला आणि तो पार पचपचीत झाला. आधी पाण्याला नावं ठेवली, मग पानांना. कारण दुसऱ्या दिवशी कळलं. कुनमिंग जवळजवळ १,९०० मीटर उंचीवर आहे, तिथं पाणी ९४ अंशांच्या आसपासच उकळतं. तिथली दुकानदारीण किटली शेगडीवरून उचलून थेट पानांवर ओतायची, आणि पानं थोडी जास्त वेळ पाण्यात ठेवायची. युन्नानच्या दक्षिणेचं, चहाच्या डोंगरांजवळचं जिंगहोंग आणि पुणे मात्र दोन्ही साडेपाचशे मीटरच्या घरातले. तिथं जमलेला हात घरीही जमला.

पु-अर म्हणजे युन्नानच्या मोठ्या पानांचा, उन्हात वाळवून मुरवलेला चहा. त्याचे दोन प्रकार. ‘शेंग’ म्हणजे कच्चा: पानं कढईत परतायची, मळायची, वाळवायची, वाफ देऊन चकतीत दाबायची आणि वर्षानुवर्षं ठेवून द्यायची. ‘शोउ’ म्हणजे पिकवलेला: पानांचा ढीग लावून पाणी मारायचं आणि वरून झाकायचं, की दीड-दोन महिन्यांत काम होतं. ही युक्ती १९७३ साली कुनमिंगच्या कारखान्यात बसवली गेली. गावाकडे शेणखताच्या ढिगात हात घातल्यावर लागते तशी ऊब या ढिगातही असते. वाचायला बरं वाटत नसेल, पण कपात येतो तो वास पहिल्या पावसानंतरच्या जुन्या वाड्याचा.

कुनमिंगहून जिंगहोंगला आता रेल्वेने जा. डिसेंबर २०२१ मध्ये लाओसपर्यंत जाणारा रेल्वेमार्ग सुरू झाला आहे आणि साधारण साडेतीन तासांत सिश्वांगबान्ना, म्हणजे जिंगहोंगचं स्टेशन येतं. तिकिटाला पासपोर्ट लागतो. अलीपे या तिथल्या पैसे देण्याच्या अ‍ॅपला आपलं आंतरराष्ट्रीय कार्ड निघण्यापूर्वीच जोडा आणि भाषांतराचं अ‍ॅप ऑफलाइन उतरवून ठेवा, कारण गूगल तिथं चालत नाही. वसंतातली खुडणी मार्च-एप्रिलमध्ये असते. एप्रिलच्या मध्यावर मात्र दाई या तिथल्या जमातीचा पाणी उडवण्याचा सण येतो. जिंगहोंगमध्ये खोली मिळता मिळत नाही, आणि मिळालीच तर भिजायची तयारी ठेवा.

जिंगहोंग-मेंगहाई रस्त्यावर नाननुओ डोंगर लागतो. हानी या डोंगरी जमातीची वस्ती. इथली चहाची झाडं कमरेएवढी छाटलेली नाहीत, उंच वाढलेली आहेत. खुडणाऱ्या बायका फांदीवर चढून पानं तोडतात. एका घरी दाबणी पाहिली. वाफवलेली पानं कापडी पिशवीत, पिशवी दगडी साच्याखाली, आणि साच्यावर माणूस उभा राहून डुलतोय! निघते ती ३५७ ग्रॅमची, भाकरीएवढी चकती. अशा सात चकत्या बांबूच्या सालीत बांधतात.

त्याच घरी ताजा शेंग उपाशीपोटी प्यायलो आणि गरगरायला लागलं. तुम्ही आधी काहीतरी खाऊन घ्या. चव मात्र आपल्या ओळखीची: आधी तुरट-कडू, मग आवळा खाऊन पाणी प्यावं तसा घशातून वर येणारा गोडवा.

आता खरेदीचं सांगतो, कारण तिथंच मी फसलो. बाजारात ‘२००३’ छापलेली चकती घेतली. घरी फोडली तर पानं आतून हिरवट, चवीला दोन-तीन वर्षांचीच. कागद कोणीही छापू शकतो. ७५४२ सारखा आकडा दिसला तर तेही चहाचं वय नव्हे: ७५ म्हणजे १९७५ सालची कृती, ४ म्हणजे पानांची प्रत, २ म्हणजे मेंगहाईचा कारखाना. म्हणून चकती घेण्याआधी २५-५० ग्रॅमचा नमुना मागा, बसून सात-आठ कप प्या. चांगला दुकानदार घाई करत नाही. एकाच कारखान्याची एकाच सालची चकती कोरड्या कुनमिंगमध्ये मुरलेली आणि दक्षिण चीनच्या किनाऱ्यावरच्या दमट ग्वांगडोंगमध्ये मुरलेली, शेजारीशेजारी चाखायला मिळाली तर सोडू नका. पहिली अजून चढी, दुसरी काळी आणि मऊ. मला तरी दुसरीच आवडली.

करायची रीत: शंभर मिलिलिटरच्या झाकणाच्या वाटीला ६-७ ग्रॅम. चकती सुरीने तोडू नका, तिच्या कडेतून टोचा घालून पापुद्रे सोडवा. खळखळ उकळतं पाणी ओता आणि लगेच फेकून द्या. धूळ जाते, दाबलेली पानं सुटतात. मग पाच ते दहा सेकंदांचा एक-एक कप, पाचव्या-सहाव्या कपापासून वेळ वाढवत न्या. दहा कप सहज निघतात. कोवळा शेंग असेल तर पाणी जरा निवू द्या, जुन्याला आणि शोउला नको. शेवटी उरलेली पानं पातेल्यात दहा मिनिटं उकळा; हे आपल्याला शिकवायला नको. ऑफिसात एवढं करणं शक्य नसेल तर अर्ध्या लिटरच्या थर्मासमध्ये ३ ग्रॅम शोउ आणि उकळतं पाणी, अर्ध्या तासाने प्या. आईने त्यात दूध घालून पाहिलं. वाईट नाही लागलं.

घरी आणल्यावर चकती कागदातच ठेवा, मसाल्याच्या डब्यापासून आणि कापराच्या गोळ्यांपासून लांब. फ्रिज नको. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला उघडून बघा. पांढरी-हिरवी केसाळ बुरशी दिसली तर ती चकती फेकायची. माझी ‘२००३’ची चकती पुण्यातल्या माळ्यावर कोरड्या खोक्यात आहे. वीस वर्षांनी खरी होईल.